फॉर्म ८३३२ वर सही करावी का? घटस्फोटानंतर मुलाचं नाव कोणाच्या रिटर्नवर

अमेरिकेतल्या कोर्टाच्या डिक्रीत ‘ताबा दोघांकडे निम्मा-निम्मा’ असं लिहिलेलं असतं. आयआरएस, म्हणजे तिथलं करखातं, मात्र रात्री मोजतं. वर्षभरात मूल ज्याच्याकडे जास्त रात्री राहिलं, तो ताबा असलेला पालक. आपल्या रिटर्नवर मुलाचं नाव लावायचा हक्क त्याचा; फॉर्म ८३३२ वर सही करून तो हा हक्क दुसऱ्या पालकाला देतो. उन्हाळ्यात मूल महिनाभर पुण्याला आजीकडे राहिलं, तर त्या रात्री ज्याच्या वाटणीच्या होत्या त्याच्याच धरतात. अगदी बरोबरी झालीच, तर ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या बाजूने कौल.

समजा, मुलगी नऊ वर्षांची आहे. १९० रात्री आईकडे, १७५ वडिलांकडे. आता वडील म्हणतात, “पोटगी मी देतो, मग टॅक्समध्ये तिचं नाव मी लावतो. तू ८३३२ वर सही कर.” आईने काय करावं?

सही केली नाही, तर सगळं आईकडे राहतं: २०२५ सालासाठी २,२०० डॉलरचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मुलामागे करातून थेट वजा होणारी रक्कम), ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’चा दर्जा (मुलासह घर चालवणाऱ्या एकट्या व्यक्तीला कमी कर), नोकरीसाठी लागणाऱ्या डेकेअरच्या खर्चावरचं क्रेडिट आणि उत्पन्न कमी असेल तर अर्न्ड इन्कम क्रेडिट.

सही केली, तर यातलं फक्त पहिलं वडिलांकडे जातं. बाकीचं आईकडेच राहतं, आणि ते डिक्रीत लिहूनही वडिलांना मिळत नाही. हे कितीतरी जणांना ठाऊक नसतं. भांडण २,२०० वरून होतं, पण हेड ऑफ हाउसहोल्डची किंमत पाहा. २०२५ साठी एकट्या व्यक्तीचं स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातली करमुक्त रक्कम) १५,७५० डॉलर, हेड ऑफ हाउसहोल्डचं २३,६२५; शिवाय कराचे टप्पेही रुंद. ८०,००० डॉलर पगार असलेल्या आईचा यात साधारण २,६०० डॉलर कर वाचतो, म्हणजे क्रेडिटपेक्षाही जास्त. अट एवढीच की ३१ डिसेंबरला ती अविवाहित हवी आणि घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भार तिने उचललेला हवा. म्हणून सही करायची वेळ आलीच, तर ‘सगळं गेलं’ म्हणून खचू नका, आणि चुकून स्वतःचं रिटर्न ‘सिंगल’ म्हणून भरू नका.

मग सही करण्यात शहाणपण कधी? दोघांचेही पगार मध्यम असतील आणि क्रेडिट मावेल एवढा कर दोघांनाही लागत असेल, तर एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात एवढंच होतं. आईला सही करण्याचं काही कारण नाही. वडील बे एरियात अडीच लाख डॉलर कमावत असतील, तर सही वायाच जाते: दोन लाखांच्या वर क्रेडिट दर हजाराला ५० डॉलरने घटतं आणि एका मुलाचं २,४४,००० च्या आसपास संपतं. उलट आईला कमाईच नसेल, तर तिला या क्रेडिटचं काहीच मिळत नाही. तिचा पगार वीसेक हजार असेल, तर कर शून्य आणि परतावा म्हणून हाती जास्तीत जास्त १,७०० येतात. वडिलांना पूर्ण २,२०० मिळू शकतात. अशा वेळी सही जरूर करावी, पण त्या बदल्यात कोणता खर्च वडील उचलणार हे करारात लिहून घ्यावं. तोंडी आश्वासनावर सही करू नये.

‘एक वर्ष तू, एक वर्ष मी’ ही वाटणी ऐकायला न्याय्य वाटते. ती चालते, पण २००८ नंतरच्या घटस्फोटात डिक्रीचं पान जोडून भागत नाही. वडिलांच्या पाळीच्या वर्षी फॉर्म लागतोच. इथे माझं मत ठाम आहे: फॉर्मचा पहिला भाग भरा, एका वर्षापुरता. दुसऱ्या भागात ‘यापुढची सर्व वर्षं’ लिहून देऊ नका. ते मागे घेता येतं, पण समोरच्याला कळवल्याच्या पुढच्या वर्षापासून.

भारतात जन्मलेलं, एच-४ वर (नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) आलेलं मूल आयटिनवर (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांच्या कर-क्रमांकावर) असेल, तर हा वादच लहान होतो. नोकरीसाठी वैध असा सोशल सिक्युरिटी नंबर मुलाला नसेल, तर २,२०० कोणालाच नाहीत. फक्त ५०० डॉलरचं दुसरं क्रेडिट उरतं. सतरा पूर्ण झालेल्या मुलाचंही तेच.

दोघांनीही नाव लावलं, तर नंतर भरणाऱ्याचं ई-फाइल केलेलं रिटर्न सहसा नाकारलं जाऊन परत येतं. मग दोघांना पत्रं येतात आणि हरणाऱ्याला पैसे व्याजासह भरावे लागतात. तेव्हा रात्रींचा हिशेब कामी येतो. फोनच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करा, आणि शाळेच्या दाखल्यांवर, डॉक्टरकडच्या कागदांवर मुलाचा पत्ता तुमचाच आहे ना, हे जानेवारीतच तपासून घ्या.