घरघरणाऱ्या छातीसाठी नेब्युलायझर की स्पेसर?

ब्रॉन्कायटिसमध्ये (श्वासनलिकांना सूज आल्यावर) लहान मुलाची छाती घरघरू लागली आणि डॉक्टरांनी साल्ब्युटामोल (आकसलेल्या श्वासनलिका सैल करणारे औषध) श्वासावाटे द्यायला सांगितले, की घरात नेब्युलायझर (द्रव औषधाचे बारीक तुषार करणारे यंत्र) आणावा की फवाऱ्याच्या पंपाला (इनहेलरला) मास्कचा स्पेसर, म्हणजे औषध क्षणभर धरून ठेवणारी पोकळ नळी, जोडून काम भागवावे, हा प्रश्न येतोच. (घरघर नसलेल्या साध्या विषाणूजन्य खोकल्यात या औषधाचा उपयोग होत नाही, तिथे दोन्हींचा खर्च टाळावा.) आमच्याकडे दोन्ही वापरून झाले आहेत.

नेब्युलायझरचे आकर्षण समजण्यासारखे आहे. औषधाची वाफ डोळ्यांना दिसते, त्यामुळे उपचार चालल्याचे समाधान मिळते, आणि मुलाने फक्त नेहमीसारखा श्वास घ्यायचा असतो. माझे मत फिरले ते त्यातल्या कॉम्प्रेसरच्या (हवेचा दाब देणाऱ्या मोटरच्या) आवाजामुळे. मध्यरात्री यंत्र सुरू झाले की मूल दचकून रडू लागे; एक डोस संपायला आठ-दहा मिनिटे लागत आणि तेवढा वेळ मास्क चेहऱ्यावर टिकवणे ही झटापटच होई. मग तो नुसता नाकासमोर धरण्याचा मोह होतो. पण मास्क थोडा जरी दूर गेला, तरी बरेचसे औषध हवेत जाते, आणि रडणाऱ्या मुलाच्या फुप्फुसांत तर ते फारच कमी पोहोचते. मेश प्रकारचे (कंप पावणाऱ्या बारीक जाळीतून तुषार करणारे) यंत्र जवळजवळ आवाज करत नाही, हे मान्य. मात्र औषधाची वाटी दर वेळी धुऊन वाळवण्यातून तिथेही सुटका नाही.

स्पेसरचा मास्कही मुलाला सुरुवातीला नकोच असतो, पण पंप हलवून एक फवारा सोडला आणि मास्क घट्ट टेकवून पाच-सहा श्वास मोजले, की तो बाजूला करता येतो. दुसरा फवारा सांगितला असल्यास पंप पुन्हा हलवून वेगळा द्यावा. सौम्य ते मध्यम त्रासात स्पेसर नेब्युलायझरपेक्षा कमी पडत नाही, असे अभ्यासांतून दिसले आहे, आणि नाडीचा वेगही त्याने कमी वाढतो. त्याची एक खोड आहे: प्लास्टिकवर स्थिर विद्युत साचून औषध आतच चिकटते, म्हणून तो साबणाच्या पाण्यात धुऊन, आतून न पुसता, तसाच वाळू द्यावा लागतो.

औषधाबरोबर प्राणवायूही लागत असेल, तर नेब्युलायझरच सोयीचा. पण ते काम रुग्णालयाचे. बरगड्यांखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जात असेल, मूल पिणे टाळत असेल किंवा एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास ते शांत असतानाही मिनिटाला ४० किंवा त्याहून अधिक वेळा चालत असेल, तर घरच्या साधनावर विसंबू नये. एरवी, डॉक्टरांचे काही वेगळे कारण नसेल तर, मी स्पेसरच घेईन, आणि त्याचा मास्क नाक-तोंड झाकून डोळ्यांवर येत नाही ना, हे मुलाच्या चेहऱ्याला लावून पाहूनच घेईन.