औषधं वेळेवर, पण 'लँडमार्क'चा रकाना सुधारा

आईची रक्तदाबाची आणि थायरॉईडची औषधं गेले आठ महिने मी एका ॲपवरून मागवते. मी नोकरीसाठी सुरतेला, ती बडोद्यात, न्यायमंदिर या जुन्या कोर्टाच्या इमारतीजवळच्या एका खांच्यात एकटी. (बोळाला बडोद्यात खांचा म्हणतात, आम्ही मराठी घरांतही तेच म्हणतो.) गोळ्यांची मुदत नीट बघून पाठवतात, बिल चोख असतं, सूटही बरी मिळते. माझी तक्रार आहे ती पत्त्यातल्या 'लँडमार्क' या एकाच रकान्याबद्दल.

तिसऱ्या खेपेला मी तिथे लिहिलं, 'न्यायमंदिर कोर्टासमोर, जुन्या पिठाच्या गिरणीशेजारी'. ॲपने त्यातला 'कोर्ट' तेवढा उचलला आणि नकाशावरची खूण आपणहून हलवली. संध्याकाळी औषधं पोचवणाऱ्या मुलाचा फोन आला, "बेन, हुं कोर्ट पासे ज ऊभो छुं." तो उभा होता दिवाळीपुऱ्यात! २०१८ साली कोर्ट तिकडे गेलं, पण आमच्या पत्त्यातून ते अजून गेलेलं नाही. औषधं दुसऱ्या दिवशी मिळाली. आईची रात्रीची गोळी चुकली आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

मदतकेंद्राने सांगितलं, यादीतलाच लँडमार्क निवडा. यादीत होतं एक एटीएम आणि एक मोबाईलचं दुकान. आई म्हणाली, "अगं, ते एटीएम तर केव्हाच उचललं."

इंग्रजीत हा शब्द मुळात जमिनीच्या हद्दीच्या खुणेचा, म्हणजे आपला शिवेचा दगड. पुढे समुद्रातून खलाशांना दिसणारी टेकडी किंवा मनोरा लँडमार्क झाला, मग जुन्या नामांकित वास्तू, मग गाजलेले निकालही. आपल्याकडे तो पत्त्याच्या शेवटच्या ओळीत येऊन बसला आणि तिथे त्याला खरं काम मिळालं. ज्या खांच्यात घरांवरचे नंबर पुसले गेलेत, तिथे 'च्या समोर' आणि 'च्या मागे' यांवरच माणूस दारापर्यंत पोचतो. न्यायमंदिराचंच बघा. १८९६ची ही इमारत सयाजीराव महाराजांनी बांधली ती भाजीबाजारासाठी, नाव दिलं महाराणी चिमणाबाईंचं, आणि तिथे भरलं कोर्ट. आता कोर्टही नाही. तरी रिक्षावाल्याला 'न्यायमंदिर' म्हटलं की तो पुढचं काही विचारत नाही. आमची गिरणीसुद्धा बंद होऊन बरीच वर्षं झाली, फळी लावलेलं दार तेवढं उरलंय. खांच्यातलं शेंबडं पोरही गिरणी दाखवतं.

म्हणून कंपनीला कळकळीने सांगते, गिऱ्हाइकाने लिहिलेली खूण जशीच्या तशी पोचवणाऱ्या मुलाला दिसू द्या, आणि आम्हाला न विचारता नकाशावरची जागा हलवू नका. हल्ली मी 'कोर्ट' शब्द गाळते आणि रकान्यात गुजरातीत लिहिते, 'न्यायमंदिर, बंध घंटी पासे, लीलो दरवाजो', म्हणजे बंद गिरणीजवळ, हिरवं दार. त्यानंतरच्या पाचही खेपा चुकल्या नाहीत. नेहमी येणारा मुलगा आता खालूनच "घंटीवाळां बा!" अशी हाक मारतो आणि आई गॅलरीतून दोरीची पिशवी खाली सोडते.

औषधांना पाचपैकी साडेचार, पत्त्याच्या रकान्याला दोन.