बांबू थंडीने मेला सांगून आमच्याकडून 1,450 डॉलर घेतले

न्यू जर्सीत किंवा आसपास कुणाच्या मागच्या अंगणात बांबू असेल तर प्लीज वाचा, थंडी आली की असं फसवणारी माणसं दारोदार फिरायला लागतात.

आम्ही एडिसनजवळ राहतो. घर घेतलं तेव्हाच मागच्या कुंपणाला लागून बांबूचं मोठं बेट होतं, हिरव्या काठीवर पिवळी पन्हळ असते ना तो, इथे यलो ग्रूव्ह म्हणतात त्याला. मी कुडाळची, घरामागे माणग्याची, म्हणजे कोकणातल्या बांबूची, बेटं बघत वाढले, त्यामुळे त्या बेटावर माझा खूप जीव. दरवर्षी कडेने चर खणून बाहेर पळणारी मुळं आम्ही कापायचो, शेजाऱ्याकडे कधी जाऊ दिली नाहीत.

नोव्हेंबर 2022 मध्ये एक माणूस पिकअप घेऊन दारात आला, झाडांची कामं करतो म्हणाला. बांबू गरम हवेतला, बर्फात मुळं गोठून सगळं बेट जाणार, असं सांगत त्याने फोनवर वाळलेल्या बांबूंचे फोटो दाखवले आणि 'विंटर पॅकेज' चे 650 डॉलर सांगितले. मला पटलं कारण माझ्या डोक्यात बांबू म्हणजे कोकणातला. इथला हा बांबू मूळचा चीनचा आहे आणि उणे 20 सेल्सिअसपर्यंतची थंडी सहन करतो हे मला माहीतच नव्हतं.

पॅकेज म्हणजे काय तर पानांवर कसलातरी फवारा मारला, ज्याला भांडी घासायच्या साबणाचा वास येत होता आणि फेस होत होता, डबा दाखव म्हटलं तर गाडीत आहे म्हणाला. मुळाशी लॉनचं खत टाकलं, जे थंडीच्या तोंडावर अजिबात टाकायचं नसतं, कोवळी वाढ होते आणि तीच आधी जळते. वर बेटाला प्लास्टिक घट्ट गुंडाळलं. आणि बेटाखाली पडलेली बांबूची पानं, जी मुळांवरचं पांघरूण असतात, ती 'साफसफाई' म्हणून झाडून नेली!

मग 23 डिसेंबरला ती भयंकर थंडी आली, सकाळी बरं होतं आणि रात्रीत पारा उणे 12 च्या आसपास, वर सोसाट्याचा वारा. जानेवारीत पानं गवतासारखी पिवळी पडली. हा परत हजर, म्हणे सगळं मेलंय, आता कीड लागून शेजाऱ्यांच्या झाडांना जाईल, लगेच कापायला हवं. 800 डॉलर कॅश. मी इतकी घाबरले होते की नवरा थांब म्हणत असताना मीच पैसे काढून दिले. त्याने एका दिवसात अर्धं बेट कापलं, सत्तरेक काठ्या, त्याही नेमक्या जाड जाड, आणि ट्रेलरवर घालून घेऊन गेला. बारीक वाळक्या तशाच ठेवल्या. उरलेलं पुढच्या आठवड्यात म्हणाला.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर खुंट दाखवले. ती म्हणाली, "अगो, आतून हिरवो आसा तो, मेलो कसो?" मी नखाने खरवडून बघितलं तर खरंच ओला हिरवागार. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद. मी त्या रात्री खूप रडले.

नंतर रटगर्स विद्यापीठाच्या काउंटी ऑफिसात मास्टर गार्डनरना, म्हणजे बागकाम शिकलेल्या स्वयंसेवकांना, फोन केला, फुकट सल्ला देतात, त्या बाईंनी सगळं समजावलं. जमीन गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही आणि वारा पानातलं पाणी काढत राहतो, म्हणून पानं वाळतात, पण काठी आणि जमिनीतला कंद जिवंत असतो, मे संपेपर्यंत काही कापायचं नाही. जमीन गोठायच्या आधी भरपूर पाणी द्यायचं, मुळाशी तीन-चार इंच लाकडाचा चुरा किंवा पाला घालायचा, वाऱ्याच्या बाजूला खुंट्यांवर गोणपाट ताणायचा, बस्स. ताज्या बर्फाने काठ्या वाकल्या तर खालून हलकेच झाडूने झटकायचं, बर्फ कडक झालं असेल तर हातच लावायचा नाही, काठी मोडते, आपोआप वितळलं की उभी राहते. पानांतलं पाणी उडू नये म्हणून वर मारायचं खरं औषध असतं, पण ते गोठणाऱ्या थंडीत मारायचं नसतं आणि डब्यावर नाव असतं.

न्यू जर्सीत घराच्या-बागेच्या 500 डॉलरवरच्या कामाला लेखी करार लागतो आणि तीन कामाच्या दिवसांत तो रद्द करता येतो, हेही मला नंतर कळलं. आमच्याकडे फक्त वहीच्या कागदावर लिहिलेला आकडा. कन्झ्युमर अफेअर्सकडे, म्हणजे राज्याच्या ग्राहक खात्याकडे, तक्रार केली, पण गाडीवर नाव नाही, पैसे कॅशने, काही मिळालं नाही.

मे मध्ये न कापलेल्या बाजूला पेरापेरातून नवी पानं फुटली आणि जाड कोंब आले. कापलेल्या बाजूला अजून बोटाएवढ्याच काठ्या येतात. कुणी तुमच्याकडे असे फोटो घेऊन आलं तर आधी एक काठी नखाने खरवडून बघा आणि हवं तर मला फोटो पाठवा, कधीही, रात्री पण चालेल.