संग्रहासाठी कोणती नंबरपाटी: रंगवलेली की एचएसआरपी (हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन प्लेट)?

पेंटरने ब्रशने रंगवलेल्या पाटीवर काळ लगेच वाचता येतो. एमएच आणि आरटीओचा क्रमांक ही पद्धत १९८९ची. त्याआधी महाराष्ट्रात ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरं असायची, मुंबई राज्याच्या काळात ‘बी’ने. शिवाय पेंटरची हौस वेगळीच. ४१४१ला वळणं देऊन केलेला ‘दादा’ नियमात कधीच बसला नाही, पण संग्रहात त्याची सर कशालाच नाही.

१ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना सक्तीची झालेली एचएसआरपी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, अशोकचक्राचा होलोग्राम, लेसरने कोरलेला क्रमांक. सगळ्या एकाच साच्यातल्या. त्यातल्या त्यात रंगीत काय, तर काचेवरचा स्टिकर: पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी. पण सोलायला गेलात की फाटलाच; तो बनवलाच तसा आहे. सुरक्षेला उत्तम, संग्राहकाच्या मात्र जिवावर.

माझं मत अर्थातच रंगवलेल्या पाटीला. गाडीसकट जपायची असेल तर व्हिंटेज गाड्यांचे २०२१चे नियम बघा: पन्नास वर्षांवरच्या, आधीच नोंदलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदवली तर ‘व्हीए’ मालिका मिळते.