पॅनिकसाठी सीबीटी की मनाच्या मुळाशी जाणारी थेरपी? दोन्ही घेतलेल्या सोलापूरकराचा अनुभव

गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या चार-पाच जणांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुम्ही नेमकी कुठली थेरपी घेतली होती?" डॉक्टरांची नावं कुणीही सांगतं, पण पद्धत कशी निवडायची हे सांगणारं माणूस भेटत नाही. मला तरी भेटलं नव्हतं. गोळ्या लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ वेगळे आणि थेरपी देणारे मानसशास्त्रज्ञ वेगळे, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितो.

माझा त्रास पॅनिकचा, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघतो. एप्रिलमधल्या एका दुपारी छाती धडधडायला लागली, डावा हात बधिर झाला, आपण आता जाणार असं वाटलं. ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड सगळं नॉर्मल निघालं. (या तपासण्या आधी करूनच घ्या. हृदयाचं किंवा थायरॉइडचं दुखणंही असंच दिसू शकतं.) पण ते पुन्हा होईल ही भीती घर करून राहिली. आधी नवी पेठेतली गर्दी टाळली, मग सिनेमा, मग जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. जन्म सोलापुरात गेला आणि गड्डा टाळायचा, हे मला फार लागलं होतं.

पहिली थेरपी पुण्यात घेतली, सायकोडायनॅमिक पद्धतीची. ही फ्रॉइडच्या परंपरेतून आलेली. आजच्या त्रासाची मुळं जुन्या नात्यांत आणि दाबून ठेवलेल्या भावनांत शोधायची, असा तिचा रोख. तिला संशोधनाचा आधार नाही असं काही लोक म्हणतात, ते बरोबर नाही. खास पॅनिकसाठी तिचं एक आखीव रूप आहे, आठवड्यातून दोनदा अशा २४ सेशनचं, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते रिलॅक्सेशनच्या प्रशिक्षणापेक्षा सरस ठरलं. मला मिळाली ती मात्र मोकळी, मुदत नसलेली थेरपी. तिनं मला काही दिलं नाही असं म्हणणार नाही. वडील गेले तेव्हा मी रडलो नव्हतो. त्या खोलीत, सहा वर्षांनी, पहिल्यांदा रडलो. त्याबद्दल त्या सरांचे उपकार आहेत.

अडचण यायची ती परतीच्या गाडीत. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जायचं, जेमतेम तासभर बसायचं, संध्याकाळच्या हुतात्माने परत. दौंड सुटलं की बायकोचा फोन यायचा, "अहो, आज काय सांगितलं? आता घरी काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नसायचं. आठवड्याचे तास १६८. त्यातला एक त्या खोलीत जायचा. उरलेल्या १६७ तासांत धडधड सुरू झाली तर काय करू, हे माझ्या हातात कुणी ठेवलेलं नव्हतं. एकदा सरळ विचारलं. सर म्हणाले, "हा प्रश्न तुम्हाला आजच का पडला, ते बघू या." त्यांच्या पद्धतीत ते योग्यच असेल. पण त्याच संध्याकाळी भिगवणच्या पुढे मला घाम फुटला. मी डब्याच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो आणि कुर्डुवाडी येईपर्यंत जागेवर परतलो नाही. आठ महिने झाले होते. अजून किती, याचं उत्तर नव्हतं. मी पुण्याला जाणं थांबवलं.

दुसरी थेरपी सोलापुरातच घेतली, सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी: विचार आणि वागणं यांवर काम करणारी. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात उभी केलेली ही पद्धत. तिची थोरली बहीण म्हणजे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, जी कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत आणली. दुसऱ्याच भेटीत थेरपिस्ट मॅडमनी कागदावर एक गोल काढला. छाती धडधडते, मन म्हणतं 'अटॅक आला', त्यामुळे भीती वाटते, भीतीनं धडधड वाढते आणि मनाची खात्रीच पटते. पॅनिकचं हे चक्र ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेलं. माझ्या पहिल्या झटक्याचा महिना आठवला. सोलापूरचा उन्हाळा, पत्र्याखालचं ऑफिस, दुपारचे तीन, सकाळपासून पाणी नाही. हृदय जोरात चालणारच होतं. मी त्याचा अर्थ चुकीचा लावला होता.

मग मॅडमनी मला जिन्यानं तीन मजले पळत चढायला लावलं. वर पोचल्यावर बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, नाडी बघायची नाही, नुसतं उभं राहायचं. नंतर नाक धरून स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घ्यायचा. खुर्चीत बसून गरगर फिरायचं. ज्या संवेदनांना मी घाबरत होतो त्या मुद्दाम आणायच्या आणि त्यांनी काही होत नाही हे शरीराला कळू द्यायचं. (दमा, फिट, हृदयविकार असेल किंवा दिवस गेले असतील तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.) घरी रोज तेच. त्या संध्याकाळी बायकोनं विचारलं तेव्हा मी सांगू शकलो, "तीन मजले, दिवसातून दोनदा." दुसऱ्या दिवसापासून तीही माझ्याबरोबर चढायला लागली.

सीबीटीतलं सगळंच मला जमलं असं नाही. विचारांची नोंद ठेवण्याचा तक्ता असतो: प्रसंग, विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा. आयुष्यभर खतावण्या भरलेल्या मलाही तो धडधडीच्या वेळी भरता आला नाही. शांतपणी भरला तर माझा माझ्याशीच वाद सुरू व्हायचा. कुणाला त्यानं फार फरक पडतो. मला पडला तो पायांनी केलेल्या कामानं.

पुढे भीतीच्या जागांची पायऱ्यापायऱ्यांनी यादी केली. संध्याकाळची नवी पेठ, भरलेली सिटी बस, थिएटरात मधली खुर्ची. सगळ्यात वर गड्ड्याच्या यात्रेतला संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, तोही झटक्यासाठी खिशात ठेवलेली गोळी आणि हातातली बाटली घरी ठेवून. गोळी जवळ आहे म्हणून वाचलो, असं मन समजत राहतं, म्हणून ती घरी. ती एक घरी ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारलं होतं, आणि रोजच्या गोळ्या चालूच होत्या. त्या जानेवारीत यात्रेच्या मिरवणुकीतले सातही उंच नंदीध्वज आले, 'सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्'च्या गजरात अक्षता पडल्या. छाती धडधडत होती. मी तिथंच उभा होतो.

एकूण १२ भेटी झाल्या. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांतही पॅनिकसाठी सीबीटीचे ७ ते १४ तास सांगितलेत, म्हणजे मुदत ठरलेली असते, तिकिटासारखी.

तुमचा त्रास वेगळा असेल तर माझा अनुभव तसाच्या तसा लागू करू नका. हात धुणं, कडी पुन्हा पुन्हा तपासणं असा ओसीडी असेल तर साधी सीबीटी नको, ईआरपी मागा: भीतीला सामोरं जायचं आणि ती क्रिया करायची नाही. अपघात, अत्याचार यांच्या आठवणी छळत असतील तर आघातावर बेतलेली सीबीटी किंवा ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचाली करत त्या आठवणींवर काम करण्याची पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये दोन्ही सुचवल्या. स्वतःला इजा करण्याची ओढ आणि भावनांचा भडका असेल तर डीबीटी, म्हणजे भावना आवरण्याची कौशल्यं शिकवणारी थेरपी. नात्यातल्या बदलानं किंवा कुणाच्या जाण्यानं खचला असाल तर आयपीटी, म्हणजे नात्यांवर काम करणारी थेरपी. नैराश्यासाठी, हळूहळू कामं आणि माणसं परत दिवसात आणायची, अशी वर्तनावर भर देणारी सोपी पद्धत आहे. गोव्यात संगथ संस्थेनं ती मानसशास्त्राची पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून सरकारी आरोग्य केंद्रांत, सहा ते आठ भेटींत दिली. ४९५ रुग्णांवरची ती चाचणी २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली आणि गुण दिसला. सोलापूरसारख्या गावाला याचं मोल मोठं आहे असं मला मनापासून वाटतं.

आणि जुनं दुःख हाच तुमचा खरा प्रश्न असेल, झटके नसतील, घाई नसेल, तर पुण्यातली ती खोली तुमच्यासाठी माझ्यापेक्षा जास्त काम करील. सगळ्या पद्धतींचा गुण साधारण सारखाच, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेनझ्वाइग १९३६ मध्येच म्हणाले होते. ते सरसकट मला पटत नाही. पण थेरपिस्टशी सूर जुळणं फार महत्त्वाचं आहे, यात शंका नाही. भाषाही बघा. आपल्याकडे घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी कितीतरी माणसं आहेत. भीती ज्या भाषेत वाटते त्याच भाषेत ती सांगता यायला हवी.

कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत नंबरवर विचारा. जीव नकोसा वाटत असेल तर पद्धत निवडत बसू नका, आजच फोन करा. बाकीच्यांनी पहिल्या भेटीआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: माझ्या त्रासावर तुम्ही कुठली पद्धत वापरता, साधारण किती भेटी लागतील, आणि दोन भेटींच्या मध्ये मी घरी काय करायचं. तिसऱ्याचं उत्तर नीट ऐका.