बेसमेंटच्या पाईपातला चुना आणि पाईप कॅमेरा: आठ महिन्यांनंतर

गेल्या ऑगस्टमध्ये सोसायटीच्या बेसमेंटमध्ये घोट्याएवढं पाणी साचलं. भिंतीचा पाझर संपात, म्हणजे पाणी साठून पंपाने उपसलं जातं त्या खड्ड्यात, नेणारा चार इंची पीव्हीसी पाईप तुंबला होता. प्लंबर म्हणाला, माती. खरवडून निघालेल्या कपच्यांवर लिंबू पिळलं तर फसफसलं. म्हणजे चुना!

सप्टेंबरमध्ये मोबाईलला जोडायचा दहा मीटर वायरचा कॅमेरा घेतला. चित्र ठीक, पण पांढऱ्या थरावर त्याचा दिवा एवढा चमकतो की काही दिसत नाही. उजेड अगदी कमी करावा लागतो. वायर लिबलिबीत आहे, पहिल्याच वळणावर गुंडाळी होते. इलेक्ट्रिशियन पाईपातून वायर ओढायला वापरतो ती ताठ फिश वायर सोबत बांधली की जाते पुढे.

पैसे वसूल झाले ते एका गोष्टीने. पाईप मधे बराचसा स्वच्छ होता, थर सगळा तोंडाशी आणि सांध्यांवर. काँक्रीटमधून झिरपताना पाणी सिमेंटातला चुना विरघळवून आणतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड भेटला की तो दगड होऊन बसतो. म्हणून तोंडाला हवा लागू नये यासाठी एल्बो (वळणाचा जोड) लावून ते संपातल्या पाण्याखाली बुडवलं. एल्बो चिकटवला नाही, नुसता दाबून बसवलाय. पंप संप पार रिकामा करायचा आणि तोंड उघडं पडायचं, तेव्हा पंप चालू-बंद करणारा फ्लोटही वर घेतला. तोटा एवढाच की पाणी संथ झाल्याने तळाशी गाळ बसतो. महिन्यातून एकदा नळीने धुवावं लागतं.

जुना थर काढायला आधी सायट्रिक ॲसिड वापरलं. फेस भरपूर, पण मागे पांढरा चिखल उरला, कारण कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फारसं विरघळत नाही. सल्फॅमिक ॲसिडने काम नीट झालं. बाथरूमचं ॲसिड ओतायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. संपाचं काँक्रीट आणि पंपाचं लोखंड खायला घालायचं असेल तर जरूर ओता. शिवाय कुणी आधी ब्लीचिंग टाकलेलं असलं तर विषारी क्लोरीन निघतो, हे त्या सल्ल्यात नसतं.

खरं सांगायचं तर रोजच्या देखरेखीला कॅमेरा लागतच नाही. एल्बो काढून बादली किती सेकंदांत भरते ते बघतो. पण उन्हाळ्यात पाझरच आटतो, नुसत्या बादलीवर जाऊ नका. धार बारीक आणि पाईपाच्या वरच्या टोकाला पाझर जमतो त्या चेंबरमधलं पाणीही खाली, तर पाझर कमी झालाय. धार बारीक आणि चेंबर भरत चाललाय, तर पाईप चोंदतोय.

पलीकडच्या भिंतीचा पाईप मुद्दाम तसाच ठेवला होता. त्याच्या तोंडाशी आज बोटभर थर आहे, एल्बोवाल्याच्या तोंडाशी नखाएवढा.