मसावि काढायचा: मूळ अवयव की भागाकार?

सातवीतल्या भाचीचा प्रश्न: "मामा, दोन्ही पद्धती येतात, पण पेपरात कुठली वापरू?"

मसावि म्हणजे दिलेल्या सगळ्या संख्यांना पूर्ण भागणारी सर्वांत मोठी संख्या. आधी वेळ बघू. १४४ आणि २५२ घ्या. दोन्हींचे शेवटचे दोन अंक ४ ने विभाज्य, अंकांची बेरीज ९. कसोट्या लावताच १४४ = २×२×२×२×३×३ आणि २५२ = २×२×३×३×७ असे अवयव सुटतात. सामाईक २×२×३×३, म्हणजे मसावि ३६. इथे मूळ अवयवच सरस.

आता २२१ आणि ३२३. २, ३, ५, ७, ११ सगळ्या कसोट्या नापास! २२१ = १३×१७ हे सुचेपर्यंत घाम फुटतो. भागाकाराने मात्र ३२३ ला २२१ ने भागून बाकी १०२, २२१ ला १०२ ने भागून बाकी १७, आणि १०२ ला १७ ने पूर्ण भाग जातो. मसावि १७, काम संपलं. युक्लिडची ही युक्ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे, अवयव शोधावेच लागत नाहीत.

चुका? अवयव पाडताना ९१ ला मूळसंख्या समजणारे खूप (७×१३ आहे ती). भागाकारात एक बाकी चुकली की पुढचं सगळं गेलं.

लसावि (दिलेल्या सगळ्या संख्यांनी पूर्ण भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) हवा असेल, किंवा तीन संख्या असतील, तर अवयव एकदा पाडले की दोन्ही उत्तरं तिथेच मिळतात. भागाकारात दोन-दोन संख्या घ्याव्या लागतात.

थोडक्यात, पाढ्यातल्या संख्या असतील तर अवयव पाड. संख्या मोठ्या आणि हट्टी असतील तर सरळ भागाकार कर.